पाणी आहे, पण पोचत नाही: दुष्काळात मुळांवरची बुरशी नेमकं काय करते?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीचा मोठा धान्यपट्टा आहे. पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे तिथले शेतकरी ओल राखण्यासाठी एक साधा उपाय करत: रान वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, मोकळं ठेवायचं. पीक घ्यायचं नाही, तणही उगवू द्यायचं नाही. पडेल तो पाऊस मातीत मुरू द्यायचा आणि ती ओल पुढच्या पिकाच्या कामी आणायची. हिशेबात चूक नव्हती, ओल खरोखरच साठायची. पण त्या भरल्या ओलीवर पेरलेलं सूर्यफूल किंवा जवस खुरटायचं. आणि थोडाच काळ मोकळ्या राहिलेल्या रानातलं पीक मात्र त्याच्यापेक्षा बरं यायचं.

पाणी जास्त, पीक कमी. या कोड्याला तिथे 'लांब पडीचा आजार' अशा अर्थाचं इंग्रजी नाव पडलं होतं. १९८७ साली जे. पी. थॉम्पसन या शास्त्रज्ञानं 'ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च' या नियतकालिकात त्याचं कारण मांडलं. पिकाला कुठलाही रोग झालेला नव्हता, उलट त्याचा एक सोबती हरवला होता. मुळांत राहणारी एक बुरशी वर्षभर जिवंत मूळच न मिळाल्यानं उपाशी राहून रोडावली होती. तिच्याविना पिकाला मातीतलं स्फुरद आणि जस्त उचलता येत नव्हतं.

हल्ली दुष्काळाच्या आणि हवामानबदलाच्या चर्चेत या बुरशीचं नाव सारखं कानावर पडतं. जैविक खतांच्या पाकिटांवर तर ते ठळक अक्षरांत असतं: मायकोरायझा. कुणी तिला दुष्काळावरचा रामबाण उपाय म्हणतं, कुणी सगळी जाहिरातबाजी आहे म्हणून उडवून लावतं. दोन्ही बाजूंना थोडं खरं आहे. ते कळायला मात्र आधी मातीत उतरावं लागेल.

## मातीत पाणी असतं कुठे?

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, काही मोठ्या, काही अतिबारीक. जोराचा पाऊस झाला की सगळ्या भरतात. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी एक-दोन दिवसांत खाली निथळून जातं, तिथे हवा शिरते आणि आपण म्हणतो वाफसा आला. आता उरलेलं पाणी ज्या पोकळ्यांत असतं त्यांची रुंदी साधारण १० ते ३० मायक्रॉन किंवा त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे वाफशाच्या मातीतलं पाणी केसाहून निम्म्यापेक्षा अरुंद फटींमध्ये बसलेलं असतं.

माती जसजशी वाळते तसतसं पाणी आणखी बारीक फटींत मागे सरकतं आणि कणांना आणखी घट्ट धरून बसतं. बहुतेक पिकं जिथे कायमची मान टाकतात, त्या टप्प्यावर पाणी ओढायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५ पट ताण लागतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हे सहा-सात पट. त्या वेळी पाणी उरलेलं असतं ते ०.२ मायक्रॉनच्या आतल्या फटींत. मातीत पाणी तेव्हाही असतं, पण झाडासाठी ते नसल्यातच जमा.

या दोन टोकांच्या मधे जे घडतं तिथेच खरी गंमत आहे, आणि दुष्काळाच्या बातम्यांत ते कधी येत नाही. ओल्या मातीत पाण्याचे पातळ थर एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे मुळानं इथलं पाणी प्यायलं की बाजूचं सरकून त्याची जागा घेतं. माती वाळू लागली की हे थर तुटतात. पाण्याला सरकायला वाटच उरत नाही. मातीची पाणी वाहून नेण्याची क्षमता हजारो पटींनी घसरते. मूळ आपल्या लगतचं पाणी पिऊन टाकतं आणि त्याच्याभोवती कोरड्या मातीचं कडं तयार होतं. थोड्याच अंतरावर ओल असते, पण ती येत नाही. त्यातच मूळ स्वतः आकसतं, मातीपासून सुटतं आणि मधे हवेची फट पडते.

विहिरीत पाणी आहे, पण दोर कमी पडतोय, अशी ही अवस्था. सुरुवातीच्या दुष्काळाचा बराचसा भाग हा दोर कमी पडण्याचा असतो. विहीर आटते ती नंतर.

वर पानांचीही कोंडी होते. पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच दारातून वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं. दार उघडं ठेवावं तर पाणी जातं, लावून घ्यावं तर अन्न तयार होत नाही. दुष्काळातलं झाड तहानेनं जितकं झुरतं तितकंच उपासमारीनंही.

## मग ही बुरशी कोण?

१८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं मायकोरायझा हा शब्द बनवला: ग्रीक भाषेत 'मायकेस' म्हणजे बुरशी आणि 'रायझा' म्हणजे मूळ. त्याच्याकडे काम आलं होतं ट्रफल नावाची जमिनीखालची महागडी अळंबी कशी पिकवता येईल हे शोधण्याचं. अळंबी पिकवणं राहिलं बाजूला, झाडांच्या मुळांवर बुरशीचं आवरण असतं आणि तरी झाडं ठणठणीत असतात, हे त्याच्या लक्षात आलं. मुळावर बुरशी म्हणजे रोग, असं मानण्याच्या काळात हे म्हणणं पचायला जड होतं.

या बुरशीचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्याला दोन पुरेत. पाइन, ओक, निलगिरी अशा झाडांच्या मुळांवर बाहेरून मोजा चढवावा तशी वाढणारी एक; तिच्या अळंब्या जमिनीवर दिसतात. दुसरी मुळाच्या पेशींत शिरणारी, जमिनीवर काहीच न दाखवणारी. जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के वनस्पती-जातींशी जोडी जमवते ती ही दुसरी. बहुतेक पिकं, गवतं, फळझाडं तिच्यातच येतात. या लेखात 'बुरशी' म्हटलं की मुख्यतः हीच समजावी.

ती मुळाशिवाय जगू शकत नाही. भाकरीवर किंवा ओल्या चामड्यावर येणारी बुरशी सडत्या गोष्टींवर पोट भरते. हिला जिवंत मूळच लागतं, कारण साखर तिला झाडाकडूनच मिळते. इतकंच काय, स्वतःची चरबी बनवण्याची मूळ यंत्रणाही तिच्याकडे नाही, तीही झाडच पुरवतं, हे २०१७ मध्ये स्पष्ट झालं. बदल्यात ती मातीतून स्फुरद, जस्त, थोडं नत्र आणून देते.

जोडी जमते कशी, याची गोष्ट मला फार आवडते. टारफुला नावाचं परजीवी तण असतं, ज्वारी-मक्याच्या मुळावर पोसणारं. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि मुळातून एक ठरावीक रसायन पाझरलं की जागं होतं. हे रसायन १९६६ मध्ये सापडलं. प्रश्न असा पडला की आपल्याच वैऱ्याला हाक मारणारं रसायन झाडं मातीत सोडतात तरी कशाला? उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ती हाक मुळात या बुरशीसाठीच असते. जवळपास पोचलेला बुरशीचा तंतू त्या रसायनाच्या वासानं भराभर फाटे फोडतो आणि मुळाला गाठतो. टारफुल्यानं फक्त दुसऱ्याचं बोलावणं चोरून ऐकायला शिकून घेतलंय.

ही ओळख जुनी आहे, आणि किती जुनी हे कळल्यावर डोकं गरगरतं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा दगड होऊन राहिल्यात. त्यांच्या पेशींत आजच्यासारखीच बुरशी दिसते. त्यातल्या ज्या वनस्पतीत ती सर्वात स्पष्ट सापडली, तिला खरी मुळं नव्हतीच. पाण्यातून कोरड्या जमिनीवर आलेल्या वनस्पतींकडे मुळं येण्याआधी ही बुरशी आली होती.

## दिसते का ती?

नुसत्या डोळ्यांनी नाही. निरोगी मूळ उपटून पाहिलं तर ते साधं पांढरं मूळ दिसतं. बघायची युक्ती मात्र गमतीदार आहे. बारीक मुळं धुऊन ती प्रयोगशाळेत गरम कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. आतला सगळा मालमसाला निघून जातो आणि मूळ काचेसारखं आरपार होतं. मग ते व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या साध्या लेखणीच्या शाईत काही मिनिटं उकळतात. हो, फाउंटन पेनची शाई. १९९८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली, त्याआधी यासाठी घातक रंगद्रव्यं वापरावी लागत. पाण्यात खळबळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मुळाच्या पेशी फिकट, रिकाम्या खोल्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्यामधून शाईनं रंगलेले तंतू गेलेले असतात. मधेच एखाद्या खोलीत तंतू शिरतो आणि फांद्यांना फांद्या फुटत जाऊन अख्खी खोली व्यापणारं इवलं झुडूप होतो.

ते झुडूप म्हणजे बाजारपेठ. साखर, चरबी इकडून तिकडे. स्फुरद तिकडून इकडे. एक झुडूप काही दिवसच टिकतं, मग विरघळून जातं आणि बाजूच्या खोलीत नवं तयार होतं.

## दुष्काळात तिचा उपयोग काय?

पहिला उपयोग बारीकपणाचा. पिकाचं बारीक मूळसुद्धा शंभर ते काही शे मायक्रॉन जाड असतं. मुळावरचे केसासारखे रोम साधारण १० मायक्रॉन. बुरशीचे तंतू २ ते १० मायक्रॉन. मघाशी पाहिलेल्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा: माती वाळताना पाणी ज्या फटींत माघार घेतं, तिथे मुळाचा रोम शिरत नाही, तंतू शिरतो.

बारीकपणाचा आणखी एक हिशेब आहे. ३०० मायक्रॉनचं एक मीटर मूळ बनवायला जेवढा ऐवज लागतो, तेवढ्यात ३ मायक्रॉन जाडीचा तंतू दहा हजार मीटर निघतो. जाडी शंभरपट कमी, म्हणून लांबी शंभर गुणिले शंभर. त्यामुळेच एका ग्रॅम मातीत या तंतूंची लांबी कित्येक मीटर भरू शकते. झाडानं स्वतः एवढी मुळं काढायची म्हटली तर त्याचं दिवाळं निघेल.

दुसरा उपयोग अन्नाचा, आणि माझ्या मते सर्वात मोठा हाच आहे, जरी पाकिटांवर तो कधी पहिल्या ओळीत नसतो. स्फुरद मातीत जवळजवळ जागचं हलत नाही. मूळ आपल्या आजूबाजूचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं आणि पुढे अडतं. ओल कमी झाली की उरलीसुरली हालचालही थांबते, कारण स्फुरद सरकतं ते पाण्याच्या थरांतूनच. म्हणजे दुष्काळ एकट्यानं येत नाही, पोषणाचा दुष्काळ सोबत घेऊन येतो. बुरशीचे तंतू त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातात आणि तिथून स्फुरद आपल्या पोटातून वाहून आणतात. ज्या झाडाला पावसाच्या खंडाआधी पोटभर मिळालंय, त्याची मुळं खोल गेलेली असतात आणि ते खंडाला अंगापिंडानं तयार असतं.

तिसरा उपयोग सांध्याचा. आकसलेलं मूळ मातीपासून सुटतं तेव्हा मधल्या फटीतून तंतू आरपार गेलेले असतात. पूल पडला तरी दोरखंड राहावेत तसं. मातीशी संबंध पुरता तुटत नाही.

चौथा मातीच्या घडणीचा. तंतू मातीच्या कणांना गुंडाळून त्यांच्या बारीक गोळ्या बांधतात. अशा रवाळ मातीत पाऊस मुरतो, वाहून जात नाही. याच्याशी जोडून 'ग्लोमॅलिन' या चिकट पदार्थाचं नाव नेहमी घेतलं जातं. अमेरिकेत १९९६ मध्ये तो सापडला आणि फार गाजला. पण तो मोजण्याच्या पद्धतीत मातीतलं इतरही बरंच काही मोजलं जातं, हे पुढे लक्षात आलं. तेव्हा ग्लोमॅलिनचे मोठे आकडे कुणी तोंडावर फेकले तर जरा दमानं घ्यावं. तंतूंनी माती बांधली जाते याबद्दल मात्र वाद नाही.

पाचवा झाडाच्या आतला. पेशींभोवतीच्या पातळ पडद्यांत पाण्यासाठी खास दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुळात बुरशी असली की ही दारं किती आणि कधी उघडायची याचा झाडाचा हिशेब बदलतो. पर्णरंध्रांचंही तसंच. आजवरच्या शेकडो प्रयोगांची एकत्र मोजदाद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातून दिसलं की बुरशीवाल्या झाडांची पर्णरंध्रं जास्त उघडी राहतात, आणि हा फरक भरपूर पाणी असताना कमी, दुष्काळात जास्त असतो. म्हणजे शेजारचं झाड दार लावून उपाशी बसलेलं असताना हे थोडा वेळ आणखी अन्न तयार करत असतं.

इथे एक मेख आहे. दार जास्त वेळ उघडं म्हणजे पाणीही जास्त जाणार. कुंडीतल्या प्रयोगात म्हणूनच कधी कधी बुरशीवालं झाड आपली माती आधी संपवतं आणि आधी सुकतं. बुरशी पाणी वाचवते असं सरसकट म्हणणं चूक आहे. ती झाडाला पाण्यापर्यंत पोचवते. ते पाणी किती काळ पुरेल हे मातीच्या खोलीवर आणि झाडाच्या आकारावर ठरतं.

## पण बुरशी खरंच पाणी वाहून आणते का?

शास्त्रज्ञांमध्ये सर्वात जुनी भांडणं याच प्रश्नावर आहेत.

नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. नळी निम्मी बारीक केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. दोन-तीन मायक्रॉनच्या तंतूतून असं कितीसं पाणी जाणार? झाड दिवसभरात जेवढं उडवतं त्यापुढे ते किस झाड की पत्ती! फायदा सगळा चांगल्या पोषणाचा आहे, असं हे लोक म्हणतात.

हो म्हणणाऱ्यांच्या बाजूनं २०२२ मध्ये एक सुबक प्रयोग आला. जंगली ओट हे गवत एका कप्प्यात लावलं. शेजारी दुसरा कप्पा, आणि दोघांच्या मधे हवेची फट. मुळांना पलीकडे जायला बंदी आणि पाण्यालाही आपोआप झिरपायची सोय नाही, फट कोरडी. जाऊ शकतील ते फक्त बुरशीचे तंतू. पलीकडच्या कप्प्यात ओळखता येईल असं पाणी दिलं, ज्याच्या रेणूंतला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. मग गवतानं बाहेर टाकलेली वाफ तपासली. जड ऑक्सिजनचं पाणी तिच्यात होतं. आणि ज्या झाडांच्या बुरशीला पलीकडच्या कप्प्यात जाता येत होतं, त्यांनी तशी सोय नसलेल्या झाडांच्या जवळजवळ दुप्पट पाणी उडवलं.

मग त्रिज्येच्या चौथ्या घाताचं काय? सोबत वापरलेल्या चमकणाऱ्या रंगातून त्याचा धागा मिळाला. पाणी तंतूच्या पोटातून नव्हे, त्याच्या भिंतीतून आणि बाहेरच्या अंगानं सरकत होतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. वातीला आतून पोकळ असावं लागत नाही.

एका प्रयोगानं भांडण मिटत नाही. प्रयोगशाळेतला कप्पा म्हणजे शेत नव्हे, आणि तंतू मुख्यतः मुळाभोवतीच्या मातीतून पाणी सरकणं सोपं करतात, लांबून आणत नाहीत, असं सांगणारे प्रयोगही आहेत. माझं मत विचाराल तर वात आणि पूल ही दोन्ही कामं होत असावीत, पण शेताच्या पातळीवर पाण्याच्या वाहतुकीपेक्षा आधी मिळालेलं पोषण जास्त मोलाचं ठरत असावं.

## झाडाला हे परवडतं का?

फुकट काहीच नाही. पानांनी बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा बुरशीकडे जातो. जगभरच्या वनस्पती मिळून मुळांवरच्या सगळ्या प्रकारच्या बुरशींना वर्षाला सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन देतात, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. (हा आकडा 'बुरशी एवढा कार्बन कायमचा पुरून ठेवते' असा वाचला जातो. तसा तो नाही. दिलेला किती आणि राहिलेला किती, हे दोन वेगळे हिशेब.)

मातीत स्फुरद मुबलक असेल तर हा खर्च अंगावर येतो आणि झाड तो कापतं. पेशींतलं स्फुरद भरपूर आहे असं दिसलं की बुरशीला आत घेणारी यंत्रणाच ते मंद करतं. उलट, चांगला माल देणाऱ्या बुरशीला झाड जास्त साखर देतं आणि बुरशीही जास्त साखर देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद पोचवते, असं २०११ च्या एका प्रयोगात दिसलं. जंगलातल्या प्रेमळ सहजीवनाच्या गोष्टींपेक्षा हा प्रकार रोखठोक व्यापाराच्या जास्त जवळचा आहे.

दुष्काळ फार लांबला तर व्यापारही बसतो. पर्णरंध्रं मिटली की साखर नाही, साखर नाही की नवे तंतू नाहीत. मातीत उचलण्यासारखं पाणीच उरलं नाही तर कितीही बारीक तंतू असून काही होत नाही. दोर लांब करून आटलेल्या विहिरीतून पाणी येत नाही.

## मग पाकीट आणून टाकलं की झालं?

इथे बहुतेकांची निराशा होते. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ती टाकीत घुसळून ढीगभर बनवता येत नाही. मुळांवरच पोसावी लागते. ते महाग आणि नाजूक काम आहे. पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत की नाही, हे विकत घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. बाजारातल्या उत्पादनांच्या स्वतंत्र तपासण्यांत कित्येकांनी मुळात शिरकावच केला नाही असं आढळलंय.

उत्पादन चांगलं असलं तरी पुढचा प्रश्न उरतो. स्वित्झर्लंडमध्ये ५४ शेतांत मक्याला एकाच जातीची बुरशी दिली आणि निकाल २०२३ मध्ये आले. कुठे वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त, कुठे काहीच नाही, कुठे १२ टक्क्यांनी कमी. तीच बुरशी, तेच पीक. फरक होता मातीत आधीपासून राहणाऱ्या जिवांचा: जिथे मुळांना त्रास देणाऱ्या बुरशी जास्त होत्या, तिथे फायदा जास्त. हा प्रयोग दुष्काळावरचा नव्हता, पण पाकिटावरच्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यानं तो लक्षात घ्यावा. बुरशी मरून गेलेल्या मातीत, रोपवाटिकेच्या निर्जंतुक मिश्रणात, खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर बाहेरून दिलेली बुरशी कामाची ठरू शकते. जिथे ती आधीच नांदतेय तिथे पाहुण्याला बसायला जागा नसते.

कोबी, मोहरी, पालक, बीट या कुळांतल्या बहुतेक वनस्पती या बुरशीशी संबंधच ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी पाकीट घेणं म्हणजे पैसे मातीत घालणं, अगदी शब्दशः.

## असलेली टिकवायची कशी?

क्वीन्सलँडच्या रानात चूक काय झाली होती, त्याच्या उलट केलं की झालं. मातीत जिवंत मूळ जितका काळ राहील तितकी बुरशी टिकते. दोन पिकांच्या मधे आच्छादनाचं पीक घेतात त्यामागे हेही एक कारण आहे. खोल नांगरटीनं तंतूंचं जाळं तुटतं आणि नव्या रोपाला तयार जाळ्याशी जोडून घेण्याऐवजी शून्यातून सुरुवात करावी लागते. स्फुरद माती तपासून, लागेल तेवढंच. मोहरीवर्गातलं पीक घेतलं असेल तर त्यामागून येणाऱ्या पिकाला सोबती कमी मिळेल, हे गृहीत धरावं. कोरडवाहू रानात अर्थात पेच राहतोच: मधलं पीकही पाणी पितं. पाणी राखायचं की बुरशी, याचं एकच उत्तर सगळ्या जमिनींना लागू होत नाही.

## आणि ते जंगलाचं इंटरनेट?

झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न आणि इशारे पाठवतात, ही कल्पना १९९७ च्या एका गाजलेल्या प्रयोगानंतर जगभर पसरली. कार्बन एका रोपातून दुसऱ्यात गेला हे त्यात दिसलं होतं. पण तो बुरशीतूनच गेला की मातीतून, आणि मोठ्या जंगलात त्यानं कुणाचं किती भलं होतं, हे तेवढं पक्कं नाही. २०२३ मध्ये याच विषयावर आयुष्य घालवलेल्या तीन शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे चाळून सांगितलं की लोकप्रिय दावे पुराव्यांच्या फार पुढे गेलेत. आईनं लेकरांना भरवावं तसं मोठं झाड रोपांना भरवतं, ही गोष्ट गोड आहे, पण तूर्त गोष्टच आहे.

तिच्यापेक्षा मला कॅलिफोर्नियातल्या ओकच्या रोपांवरचा २००३ चा प्रयोग जास्त चक्रावून टाकणारा वाटतो. वरची माती वाळवली आणि पाणी फक्त खोल मुळाला मिळेल अशी सोय केली. त्या पाण्यात चमकणारा रंग सोडला. रात्री पर्णरंध्रं मिटली, पानांची ओढ थांबली आणि खोल मुळानं ओढलेलं पाणी वरच्या कोरड्या मुळांत पसरलं. तपासणीत तो रंग वरच्या मातीतल्या बुरशीच्या तंतूंमध्ये निघाला. त्या रात्री पाणी उलट्या दिशेनं गेलं होतं: झाडाकडून बुरशीला.